नऊ दिवसांत अकरा पाने

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ५२ वर्षांच्या एका वाचक भगिनी लिहितात की, उत्तरायण (म्हणजे पतंगांची संक्रांत) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण असे दोन्ही दिवस पाहुण्यांच्या गर्दीत गच्चीवर गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सर्दीने गाठले. बारीक ताप, चोंदलेले नाक, जड डोके. त्यांनी रजा घेतली. वाचनालयातून आणलेली चार पुस्तके उशाशी होती, त्यांत साडेसहाशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरीही होती. ‘निदान या निमित्ताने वाचून होईल’ असे त्यांनी ठरवले होते. प्रत्यक्षात नऊ दिवसांत अकरा पाने वाचून झाली आणि एका हिंदी रहस्यमालिकेचे चाळीसहून अधिक भाग बघून झाले, काही सासूबाईंबरोबर दिवाणखान्यात आणि काही रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइलवर. ‘वाचनाची एवढी आवड म्हणे!’ असे यजमान हसत म्हणाले आणि ते मनाला लागले. लहानपणी गोवर आला असताना आपण अंथरुणात पडून पुस्तकांमागून पुस्तके वाचली होती, हे त्यांना आठवत राहते. ‘माझे वाचन संपले का? मालिकांचे वर्गणीचे खाते बंद करते आहे, सेट-टॉप बॉक्सही काढून टाकावा असे वाटते, आणि रोज वीस पाने वाचल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही असा नियम करते आहे. हे योग्य होईल का?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला एक अपराधी बाई दिसली आणि दुसऱ्या वाचनात एक आजारी बाई दिसली. तुम्ही स्वतःला पहिल्या नजरेनेच पाहिले आहे, म्हणून मी दुसरीपासून सुरुवात करतो.

‘निदान या निमित्ताने वाचून होईल’ या तुमच्या वाक्यात आजारपण ही एक प्रकारची सुट्टी आहे असे गृहीत धरलेले आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण हजेरीपटावर दोन्हींची नोंद रजा म्हणूनच होते. शरीराच्या लेखी मात्र तो कामाचा काळ असतो. सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकामुळे होऊ शकते, त्यांतले ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतात, आणि त्यांच्याशी झुंजताना शरीर जे रासायनिक निरोप सोडते ते मेंदूपर्यंत पोहोचून सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, माणसांचा कंटाळा आणि झोप हे सारे घडवून आणतात. अमेरिकेतील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये असे मांडले की, आजारी जनावर कोपऱ्यात मुटकुळे करून पडते तो त्याचा दुबळेपणा नसून शक्ती वाचवून संसर्गाशी लढण्याची ती एक रीत आहे. माणसाला कोपऱ्यात पडून राहण्याची लाज वाटते, एवढाच काय तो फरक. त्यात सर्दीच्या गोळ्यांपैकी अनेकींमध्ये गुंगी आणणारे औषध असते. अशा स्थितीत साडेसहाशे पानांची कादंबरी, तीही उताणे झोपून छातीवर तोलत वाचायची, हा बेत मुळातच धाडसी होता.

कादंबरी वाचणाऱ्याला बरेच काही एकाच वेळी धरून ठेवावे लागते: कोण कोणाचा पुतण्या, कोणता किल्ला कोणाकडे, मागच्या प्रकरणातला खलिता कोणाच्या हाती लागला. डोके भरलेले असताना ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीचा आरंभ निसटतो, मग तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या फेरीनंतर पुस्तक उपडे होते. पडद्याचे तसे नाही. डोळा लागला तरी गोष्ट आपली पुढे जाते आणि तुम्ही जागे झालात की तिथून तुम्हाला सोबत घेते, शिवाय शेजारी बसलेल्या सासूबाई मधला भाग दोन वाक्यांत सांगतात. पुस्तक वाचकाने ओढायचे असते आणि मालिका प्रेक्षकाला ओढते. ज्याच्यात ओढण्याचे बळ नाही त्याने ओढून घेतले जाणे पत्करले, तर त्यात अधःपतन कसले?

आता गोवराच्या आठवणीबद्दल. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती अर्धी असावी अशी शंका मला आहे. गोवरात ताप चढलेला असताना डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही, आणि जुन्या घरांतून तर मुलाला मुद्दाम अंधाऱ्या खोलीत ठेवत. त्या दिवसांत तुम्ही पुस्तकांमागून पुस्तके वाचली असण्याचा संभव थोडाच. तुम्ही वाचलीत ती बहुधा उतार पडल्यानंतर, जेव्हा ताप गेलेला होता, शाळेत मात्र अजून पाठवत नव्हते, आई मऊ भात आणि मेतकूट आणून देत होती आणि दुपार संपता संपत नव्हती. स्मरणशक्तीने आजाराचे दिवस गाळले आणि उताराचे ठेवले. मोठेपणी आपल्याला तो उताराचा काळच मिळत नाही. ताप गेला की दुसऱ्या दिवशी आपण काउंटरवर हजर होतो. म्हणजे बालपणीच्या उताराची तुलना तुम्ही आजच्या ऐन तापाशी करत आहात, आणि त्या तुलनेत आजची बाई हरणारच.

तुमच्या पत्रातच तुमच्या निष्कर्षाविरुद्धचा एक पुरावा आहे, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. पत्राची दोन पाने तुम्ही त्या रहस्यमालिकेवर खर्च केली आहेत. दुसऱ्या मृत्युपत्रावरची सही बनावट आहे हे तुम्ही तपास-अधिकाऱ्याच्या चार भाग आधी ओळखले, वकिलाच्या मनगटावरचे घड्याळ एका प्रसंगात डाव्या हाताला आणि पुढच्याच प्रसंगात उजव्या हाताला आहे हे टिपले, आणि शेवटच्या भागात खुन्याने केलेले कबुलीचे भाषण ‘लेखकाला दुसरा मार्ग न सुचल्यामुळे’ आले आहे असा अभिप्रायही दिला. हे सारे वाचकाचेच गुण आहेत. ज्याचे लक्ष कायमचे विस्कटले आहे त्याला घड्याळ दिसत नाही. तेव्हा वाचन संपले काय, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर आहे.

तुम्ही बडोद्याच्या आहात म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचे जाळे उभारले, आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती आणि ती गावोगावी जादूच्या कंदिलाच्या काचचित्रांचे व चलच्चित्रांचे खेळ करत असे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. एकाच खात्याच्या एका हाताने पुस्तकांची पेटी आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरची चित्रे अशी व्यवस्था होती. वाचणारे थोर आणि बघणारे कनिष्ठ ही उतरंड त्या खात्याने मानलेली दिसत नाही. ती आपण नंतर मराठी मध्यमवर्गीय घरांत रचली, आणि तिच्या वरच्या पायरीवर बसून तुम्ही इतकी वर्षे सासूबाईंच्या मालिकांकडे पाहत होता, हे तुम्हीच मोठ्या प्रामाणिकपणे लिहिले आहे.

तरीही तुमच्या नऊ दिवसांतल्या एका गोष्टीला मी हरकत घेणार आहे, आणि ती म्हणजे रात्री दोनपर्यंत चाललेला मोबाइल. दिवाणखान्यातली मालिका आणि पांघरुणातली मालिका या एकच वस्तू नव्हेत. पहिली ठरावीक वेळी संपते, तिच्या मध्ये जाहिराती येतात, कोणीतरी काढा आणून देते आणि कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणते. दुसरीत एक भाग संपण्याआधीच पुढचा सुरू होतो आणि थांबवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तोच अर्धवट गुंगीत असतो. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडून पाहिले गेले. त्याआधीच्या आठवड्यात जे रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपले होते त्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. तो अभ्यास सर्दी लागण्याविषयी होता, बरे होण्याविषयी नव्हता, हे मान्य. पण आजाऱ्याने झोप खर्च करू नये हे सांगायला आजीही पुरेशी होती. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्याही कमी लवतात, त्यामुळे आधीच चुरचुरणारे डोळे अधिक कोरडे होतात. सर्दी साधारणपणे सात ते दहा दिवसांत आटोपते आणि दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट जातो. तुमचा आठवा दिवसही तसाच जड गेला असेल, तर त्याचे खापर मालिकेच्या कथानकावर न फोडता जागरणावर फोडा.

ओघात, याच स्थितीत असलेल्या इतर वाचकांसाठीही सांगतो. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, धाप लागली, कान ठणकू लागला किंवा दहा दिवसांनंतरही उतार दिसेना, तर वाचन-दर्शनाचा विचार सोडून डॉक्टरांकडे जावे. आणि विषाणूच्या सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, तेव्हा मागच्या वेळची उरलेली पट्टी कपाटातून काढून घेऊ नये.

मग आजारात वाचावे काय आणि बघावे काय? तापातून उठलेल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी उंधियू आणि जिलेबी वाढत नाही. तसाच विचार इथेही करावा. पहिले दोन-तीन दिवस काहीच वाचू नये, ऐकावे. ऐकणे म्हणजे वाचनातली पळवाट असे कोणाला वाटत असेल, तर त्याने नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे हे आठवावे. चातुर्मासात घरातल्या एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, यात ऐकणाऱ्यांना कोणी निरक्षर म्हणत नसे. आज ध्वनिपुस्तके आहेत, आकाशवाणी आहे, आणि डोळे मिटून पडल्या पडल्या दोन्ही चालतात.

त्यानंतर वाचायचेच असेल तर पूर्वी वाचलेले, आवडलेले पुस्तक घ्यावे. त्यात कथानक धरून ठेवण्याचा भार नसतो, मध्ये डुलकी लागली तरी काही हरवत नाही, आणि चोंदलेल्या नाकाला चव कळत नसली तरी ओळखीच्या वाक्याची चव कळते. किंवा दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली तेव्हा त्यांच्या मनात सर्दीचे रुग्ण नसणार, पण जानेवारीच्या आजाऱ्यासाठी याहून सोयीची वस्तू मला माहीत नाही. एक लेख, एक कथा, दोन व्यंगचित्रे, मग डोळे मिटायचे. वाचनालयातही या सुमारास दिवाळी अंकांची पहिली झुंबड ओसरलेली असते. कवितांचेही तसेच, एक कडवे वाचावे आणि छताकडे पाहत पडावे. चंद्रशेखर आणि यशवंत असे राजकवी ज्या शहराने मानाने बाळगले, तिथे कवितेच्या कपाटापुढे गर्दी कमी असते, याचा फायदा आजाऱ्याने घ्यावा. जाड पुस्तक वाचण्याचा हट्टच असेल, तर निदान पाठीशी दोन उशा घेऊन अर्धवट बसून आणि पुस्तक मांडीवरच्या तिसऱ्या उशीवर ठेवून वाचावे.

बघण्याच्या बाबतीत माझे मत थोडे आग्रही आहे. आजारात वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा बघू नयेत, त्या धडधाकट माणसाचेही डोके उठवतात. मी स्वतः मागच्या सर्दीत पाच दिवसांचा एक क्रिकेटचा कसोटी सामना जवळजवळ अखंड पाहिला आणि त्याइतके रुग्णहिताचे दृश्य दुसरे नसावे या निष्कर्षाला आलो. अर्धा तास डोळा लागावा, जागे व्हावे, तर धावसंख्येत सातची भर पडलेली असावी!

आता ज्या गोष्टीवरून तुम्ही एका वाक्यात पुढे गेलात तिथे मला थोडे थांबायचे आहे. दिवाळीपासून तुम्ही महिन्याला चार पुस्तके आणता आणि त्यांतली दोन न उघडता परत करता, असे तुम्ही लिहिता. दिवाळी ते उत्तरायण या काळात तुम्हाला सर्दी नव्हती. म्हणजे जे काही झाले आहे ते आजारपणाच्या आधी सुरू झाले आहे, आजाराने ते फक्त उशाशी आणून ठेवले. म्हणून एक साधा प्रश्न विचारतो: तुमची चाळिशी शेवटची कधी तपासली? जवळच्या चष्म्याचा नंबर चाळिशी-पन्नाशीत काही वर्षांच्या अंतराने वाढत जातो. तो इतक्या हळू वाढतो की अक्षर धूसर झाले असे वाटतच नाही, पुस्तक कंटाळवाणे झाले असे वाटते. दहा पानांत कपाळ दुखू लागते, आणि आठ फुटांवरचा टीव्ही मात्र स्वच्छ दिसतो. कित्येक जण याच फरकाला ‘आता वाचनात मन लागत नाही’ असे नाव देतात. तुमच्या बाबतीत हेच आहे असा माझा दावा नाही, पण वाचन संपल्याचा निकाल लावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडची एक फेरी स्वस्त आहे. सर्दी पूर्ण ओसरल्यावर, डोळ्यांची सूज आणि पाणी गेल्यावर जा. नंबर तोच निघाला, तर दिवसभर पडद्यावरचे आकडे पाहून आलेल्या डोळ्यांना रात्री दहा वाजता पुन्हा बारीक अक्षर दाखवण्यापेक्षा सकाळची पंधरा मिनिटे वाचनाला देता येतात का ते पाहा.

राहता राहिले तुमचे तीन निर्णय. वर्गणीचे खाते महिनाभर बंद ठेवायला माझी हरकत नाही, कारण ते तुमचे आहे आणि रात्रीच्या जागरणाचे मूळही तिथेच आहे. तेवढेही नको असेल, तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वीस पानांचा नियम मात्र करू नका. मालिका हे बक्षीस आणि पुस्तक हे त्याआधी गिळायचे एरंडेल, असे एकदा ठरले की पुस्तकाची उरलीसुरली गोडीही जाते, आणि माणूस पाने मोजत वाचू लागतो. ती सवय तुम्हाला लागलेली आहेच, पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘अकरा’ हा आकडा आहे.

सेट-टॉप बॉक्स काढण्याचा विचार तर सोडूनच द्या. तो तुमच्याइतकाच सासूबाईंचा आहे. त्या पूर्वी तुमच्याहून अधिक वाचत, आणि डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे बारीक अक्षर दिसेनासे झाल्यापासून मालिकांकडे वळल्या, हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. तुम्हाला नऊ दिवस जे झाले ते त्यांना कायमचे झाले आहे, आणि त्यांना कोणी ‘आवड म्हणे!’ असे म्हटले नसावे अशी आशा आहे. नऊ दिवस तुम्ही दोघी शेजारी बसून मृत्युपत्राच्या सहीवर वाद घातलात. रजा संपली म्हणून तो वाद संपवण्याचे कारण नाही. घसा सुटला की त्यांच्या आठच्या मालिकेआधी वीस मिनिटे त्यांना काहीतरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि काय वाचायचे ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी तुमच्या त्या साडेसहाशे पानांच्या कादंबरीला नकार दिला, तर वाईट वाटून घेऊ नका.

यजमानांच्या बोलण्याला फार उत्तर देण्याची गरज नाही. पुढच्या वेळी सर्दी त्यांना झाली की त्यांच्या उशाशी तीच कादंबरी ठेवावी. प्रौढ माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी होतेच, तेव्हा फार वाट पाहावी लागणार नाही.

पुस्तकांची मुदत संपत आली असेल, तर वाचनालयात फोन करून ती वाढवून घ्या आणि अजून शिंका-खोकला असेल तर स्वतः जाऊ नका. ज्या पुस्तकांवर तुम्ही शिंकला आहात ती चार-पाच दिवस बाजूला ठेवून, पुठ्ठा पुसून मगच परत करा. न उघडलेली दोन पुस्तके खुशाल परत करा, ती दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत असतील. कादंबरी ठेवून घ्या. चष्म्याचे काम झाले की ती उघडा, पण बाराव्या पानापासून नको, पहिल्यापासून. तापात वाचलेल्या त्या अकरा पानांत कोण कोणाचा पुतण्या होता ते तुम्हाला आता आठवत नसणार.